कुंदाताईंचा उभा मॉनिटर

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी न्यायला महिन्यातून एकदा माणूस येतो, वजन करतो आणि गोणीत भरून घेऊन जातो. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही, म्हणून ते मला असे दिसेल त्याला सांगत बसावं लागतं.

ऑफिस म्हणजे लालबागच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. आम्ही शाळेची गाईडं काढतो. माणसं मोजून पाच. मालक परुळेकर सर. कॉम्प्युटरवर पानं लावणारा मी. कव्हरं करणारी प्रज्ञा. बाइंडिंग आणि पार्सलं बघणारा बाबीदा, जो तीस वर्षं मुंबईत राहूनही रागावला की थेट मालवणीत उतरतो. आणि प्रूफं तपासणाऱ्या कुंदाताई, वय वर्षं सत्तावन्न, हातात कायम लाल पेन. हे सगळे किस्से ताईंनी मॉनिटर घ्यायचं ठरवलं त्या महिन्यातले आहेत.

*

सुरुवात सरांनी केली. एका सोमवारी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं आणि म्हणाले, "आजपासून प्रिंट बंद! प्रूफं स्क्रीनवरच तपासायची. कागद किती फुकट जातो बघितलात? सगळं जग स्क्रीनवर वाचतं. मी नाही का वाचत?"

ताईंना चौदा इंची लॅपटॉप मिळाला. त्यांनी जन्मभर कागदावर काम केलेलं. दुपारपर्यंत नाक कीबोर्डला टेकलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पहिल्याच गाईडात अकरा चुका सुटल्या. ताईंच्या हातून अकरा! एरवी अकरा वर्षांत सुटल्या नसतील.

सरांनी त्यांना बोलावून अगदी मऊ आवाजात सांगितलं, "कुंदाताई, आता आठवीचा इतिहास घ्या. महिनाभर बघू. नाहीच जमलं, तर आराम करा. खूप केलंत तुम्ही."

आम्ही सगळे ऐकत होतो. मला सरांचा भयंकर राग आला होता आणि मी तोंडातून शब्द काढला नाही, याची लाज मला अजून वाटते.

ताई जागेवर आल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "संजू, माझे हातपाय चालतात. डोकं चालतं. फक्त अक्षर लहान आहे. मग अक्षर मोठं करायचं ना? मला कशाला घरी पाठवायचं?"

तेवढ्यावर न थांबता त्यांनी विचारलं, "लॅपटॉपला मोठा पडदा जोडता येतो ना? शनिवारी जाऊ या. माझ्याच पैशाने घेणार. आठ हजाराच्या वर एक रुपया नाही!"

*

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे लग्न आणि मॉनिटर, दोन्ही बाबतीत ज्याला कोणी विचारलेलं नसतं तोच आधी बोलतो.

मी म्हटलं, सत्तावीस इंची घ्या. प्रज्ञा म्हणाली, कलर चांगले हवेत. ताईंची अख्खी गाईडं काळ्या शाईत छापली जातात, हे ती विसरली. बाबीदा म्हणाला, "टीव्हीच जोडा. कामही होईल आणि क्रिकेटही."

ताईंच्या भाच्याने तर फोनवरून तंबीच दिली, "मावशी, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झच्या खाली घेऊच नकोस. गेम अडकतो."

ताई म्हणाल्या, "बाळा, मला प्रूफं बघायचीत. माणसं नाही मारायची!"

*

शनिवारी दुपारी आम्ही चौघं बसने लॅमिंग्टन रोडला गेलो. ताईंच्या खांद्यावर अवजड पिशवी. मी म्हटलं, द्या इकडे, काय आहे एवढं? तर आत लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि पेन ड्राइव्हमध्ये इतिहासाचं पान.

"लॅपटॉप कशाला आणला ताई? मॉडेल नंबर सांगितला असता."

"पाय घरी ठेवून चप्पल आणायला जातोस का तू?"

पहिल्या दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले आणि प्रत्येकावर तोच एक व्हिडिओ. हिरवेगार पोपट, धबधबे, कापलेली फळं. सेल्समन पोरगा उत्साहात, "आंटी, कलर देखो! कलर!"

ताईंनी अर्धा मिनिट पोपट बघितले. मग पेन ड्राइव्ह पुढे केला. "भैया, वो पोपट बंद करो. मेरा पन्ना लगाओ."

पान लागलं. ताईंनी स्टूल मागवून घेतलं, चष्मा पुसला आणि चक्क वाचायला बसल्या. दुकानातली गिऱ्हाइकं त्यांच्याभोवतीने वळसा घालून जायला लागली. दहा मिनिटांनी उठल्या आणि मान हलवली.

"क्या हुआ आंटी? एकदम चकाचक है!"

"तेच झालंय. यात मला पानाच्या आधी माझाच चेहरा दिसतोय. तो मी घरच्या आरशात बघते."

त्या दिवशी पडदा चमकणारा नको, मंद हवा, हे मला कळलं. कॉम्प्युटरवर काम करायला लागून मला बारा वर्षं झाली होती.

*

दुसऱ्या दुकानात मॉनिटर पसंत पडत आला होता. चोवीस इंची, मंद पडदा, किंमतही बसत होती. लॅपटॉपला जोडून बघितला, लागला. ताईंनी पर्समध्ये हात घातला, पैसे काढावेत म्हणून. तेवढ्यात बाबीदाने पिशवीतून बाइंडिंगची स्टीलची पट्टी काढली.

ऑफिसात ताईंचं टेबल दोन कपाटांच्या मधे आहे. बाबीदाने ती जागा सकाळीच मोजलेली, बावीस इंच. त्यामुळे चोवीस इंची बसणारच नाही, असं तो बसमध्ये घसा फोडून सांगत होता. आता त्याने पडद्यावर पट्टी आडवी लावली आणि एकदम ओरडला.

"ह्यो चोवीस नाय! एकवीस असा, एकवीस! आमका येडे समजतत काय?"

दुकानदार बिचारा समजावायला लागला. भाऊ, स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजतात. सगळ्या जगात तसंच मोजतात.

"तिरकी?" बाबीदाचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "कापडवालो कधी तिरक्या मापता? उद्या मी पुस्तक तिरक्या मापून विकतंय, चलात?"

मी मधे पडलो. म्हटलं, बाबीदा, एकवीस आहे म्हणजे आपल्या बावीसच्या जागेत बसेल की! तुझं कामच झालं!

बाबीदाने क्षणभर विचार केला. पट्टी पिशवीत टाकली. मग दुकानदाराला म्हणाला, "ठीक असा. मग पैसेपण एकवीसचेच घे!"

*

पण तोही मॉनिटर आम्ही घेतला नाही. कारण ताईंनी पान मोठं करून बघितलं आणि अर्धंच दिसलं. सेल्समन म्हणाला, स्क्रोल करा ना आंटी. ताई म्हणाल्या, "स्क्रोल करताना पान उडी मारतं. तिथेच माझी ओळ सुटते. त्या अकरा चुका तिथेच सुटल्या. मला वरपासून खालपर्यंत अख्खं पान एकदम दिसायला हवं."

असं म्हणून त्यांनी मॉनिटरला दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवायला लागल्या!

"आंटी! टूट जाएगा!" दुकानातले तिघं जण एकदम धावले.

"पुस्तक उभं असतं ना? मग हा आडवा का?"

सेल्समनने घाम पुसला आणि सांगितलं की उभा फिरणारा स्टँड असतो, पण तो मॉनिटर तेरा हजाराचा. ताईंनी लॅपटॉप पिशवीत भरला. मला वाटलं, संपलं. प्रज्ञा रस्त्यावर म्हणाली, "ताई, आम्ही सगळे थोडे थोडे घालतो ना." ताईंनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "नको ग. आपण अजून हिंडू. दुकानं उघडी आहेत तोवर हिंडू."

पाच दुकानं झाली. चहा दोनदा झाला. बाबीदाचे पाय दुखायला लागले, माझे आधीच दुखत होते. ताई पुढे आणि आम्ही मागे.

सहावं दुकान एका इमारतीच्या मागच्या जिन्याखाली होतं. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर साफ करून, तपासून विकणारा माणूस. त्याच्याकडे चोवीस इंची एक होता. मंद पडदा, कोपऱ्यात छोटा ओरखडा आणि स्टँड असा की एका बोटाने मॉनिटर गर्रकन उभा राहिला! साडेपाच हजार, सहा महिन्यांची वॉरंटी, तीही बिलावर लिहून.

"बैठ के पढ़ सकती हूँ?" ताईंनी विचारलं.

"पढ़िए ना अम्मा."

ताई अर्धा तास वाचत बसल्या. मधेच त्यांनी पर्समधून लाल पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं. उठल्यावर हात माझ्यापुढे धरला. त्या एका पानात दोन चुका होत्या, ज्या लॅपटॉपवर त्यांना दिसल्या नव्हत्या. आणि मलाही.

"हाच," ताई म्हणाल्या.

*

सोमवारी बाबीदाने रीतसर पूजा केली. आमच्याकडे नवीन कटरपासून नव्या पंख्यापर्यंत सगळ्यांची होते. नारळ फोडला, फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. ताईंनी नमस्कार केला आणि कामाला बसल्या.

दहा मिनिटांनी हाक आली. "संजू, पान चारवर मधोमध लाल ठिपका आलाय. काढ."

मी फाईल उघडली. ठिपका नाही. म्हटलं, ताई, नाहीये.

"आहे रे. मला दिसतोय ना. पान पाचवरही आहे."

मी फाँट बदलून बघितला. फाईल नव्याने पाठवली. प्रज्ञाने तिच्या कॉम्प्युटरवर उघडली. तिथेही नाही. ताईंना मात्र ठिपका सहावर, सातवर, प्रत्येक पानावर, बरोबर त्याच जागी! मी पाऊण तास घालवला. व्हायरस असेल म्हणून तेही तपासलं.

शेवटी बाबीदा चहा घेऊन आला, पडद्याजवळ वाकला आणि शर्टाच्या बाहीने कुंकू पुसून गेला.

*

दुसरी गंमत म्हणजे मॉनिटर रोज सकाळी आडवा झालेला असायचा. ताई उभा करून जायच्या, सकाळी आडवा. चार दिवस झाले. स्टँड सैल आहे की काय, म्हणून मी त्या जिन्याखालच्या माणसाला फोनही केला.

पाचव्या दिवशी मी संध्याकाळी जरा उशिरा निघालो, तेव्हा चोर सापडला. बाबीदा कुलूप लावायच्या आधी मॉनिटर हळूच आडवा करत होता.

"अरे बाबीदा, हे काय?"

"दिवसभर उभो असता रे तो," बाबीदा म्हणाला. "जरा आडवो होऊंदे."

*

महिना संपला. दोनशे चाळीस पानांचा इतिहास ताईंनी वाचून पूर्ण केला. त्या दिवसांत त्यांनी एकही सुट्टी घेतली नाही, डबासुद्धा त्याच टेबलावर खाल्ला. दर ओळीखाली लाकडी पट्टी पडद्यावर धरून वाचायच्या, कागदावर धरतात तशी. फाईल शुक्रवारी सरांना गेली. सर म्हणाले, "मी स्वतः तपासतो. सोमवारी बोलू."

सोमवारी कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. प्रज्ञाने एकाच कव्हरचा रंग सात वेळा बदलला. ताई तेवढ्या शांत होत्या, पुढचं गाईड वाचत होत्या.

सर अकराला आले. चेहरा गंभीर. थेट ताईंच्या टेबलापाशी गेले.

"कुंदाताई, मला वाईट वाटतं, पण बोलावं लागेल. पान एकशे बारा. शेवटची ओळच नाही! एकशे तेरा, तेच. एकशे चौदा, तेच. मग मागेपुढे बघितलं, प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब आहे. एवढी मोठी चूक तुम्हाला दिसली नाही?"

पानं मीच लावली होती.

ताईंनी पान एकशे बारा उघडलं. उभ्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत अख्खं पान आलं. शेवटच्या ओळीखाली त्यांनी पट्टी धरली.

"आहे, सर."

सर वाकले. बघितलं. मग हातातल्या पानाकडे बघितलं. "पण इथे नाहीये!"

तेव्हा आम्ही सगळ्यांनीच सरांच्या हाताकडे बघितलं. जाड गठ्ठा होता. घरच्या प्रिंटरवर काढलेला. खालची ओळ प्रत्येक पानावर कापली गेली होती. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि गठ्ठ्याला व्यवस्थित दोरा बांधलेला होता.

बाबीदाने तोंड उघडलं, पण प्रज्ञाने त्याच्या पायावर पाय दिला.

ताई हसल्या नाहीत. खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या. "बसा सर. तुम्हीच वाचून बघा."

सरांनी गठ्ठा टेबलाच्या कडेला ठेवला आणि बसले. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, शेवटी काढून खिशात ठेवला. ताईंनी पुढे होऊन अक्षर थोडं मोठं केलं. सर वाचायला लागले. आधी मनात, मग ओठ हलायला लागले. त्यांच्या केबिनमधला फोन वाजून वाजून बंद झाला, तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत आले, ती पूर्ण वाचली आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,

"पुढचं पान लावा."