राक्षसाचा चेहरा

मला मनाने चेहरा काढता येत नाही, ही माझी जुनी खोड. बघितलेलंच हातातून उतरतं. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यावरचा माझा दोस्त रॅप लिहायचा आणि त्याच्या ओळी फुग्यांत घालून मी कॉमिक काढायचे. चाळ गिळायला निघालेल्या राक्षसाची गोष्ट होती. ओळी जहाल, पण नाव त्याने कुणाचंच घेतलं नव्हतं. "नाव घेतलं की मेलो आपण," म्हणायचा. शहाणा होता तो. माती मी खाल्ली. राक्षसाला मी चाळ पाडायला टपलेल्या बिल्डरच्या माणसाचा चेहरा दिला, डाव्या भुवईतल्या खाचेसकट.

झेरॉक्स काढून दोस्ताच्या रॅपच्या शोमध्ये वाटल्या. चार दिवसांनी भर दुपारी तो माणूस आमच्या दारात उभा.

बाबांनी त्याला खुर्ची दिली. नव्या इमारतीच्या करारावर त्यांनी अजून सही केली नव्हती. त्याने खिशातून कॉमिक काढलं, पान उघडलं आणि मला म्हणाला, "हात चांगलाय हं तुझा. हा कोण गं?"

बाबा चित्राकडे बघत होते, मग त्याच्याकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत गेला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी चाळ गेली खड्ड्यात, कॉमिक गेलं खड्ड्यात. बाबांना काही व्हायला नको, एवढंच होतं डोक्यात.

"मी नुसती चित्रं काढते," मी म्हटलं. "माझा दोस्त सांगतो तसं." आणि त्याने विचारलंही नसताना मी वर बोट दाखवलं. "तिसरा मजला, टोकाची खोली."

तो पाणी प्यायला आणि जिना चढून गेला. वरून काहीच ऐकू येईना. तेच जास्त भयंकर होतं. बाबा माझ्याकडे बघतही नव्हते.

संध्याकाळी दोस्त खाली आला. ओठ सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं.

"टेन्शन नको घेऊ गं," तो म्हणाला. "सांगितलं त्याला, लिहिलंय मी आणि काढलंयपण मीच. खोटं बोलतोस म्हणून दोन जास्त दिल्या साल्याने. पण तुझं नाव नाही घेतलं."

मी खुर्ची त्याच्या पुढे सरकवली.

"फक्त एक कळू दे," तो म्हणाला. "माझी खोली कुणी दाखवली त्याला. सोडणार नाही मी."

बर्फ आणते म्हणून मी आत गेले. त्याने दोनदा हाक मारली, तरी बाहेर आले नाही.