दहा यार्डांचा नमस्कार

आनंद झाला म्हणून कुणाला शिक्षा करावी का, हा प्रश्न मला वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत कधी पडला नव्हता. आमच्या घरी तो सुटलेलाच होता. पहिला नंबर आला तर पेढे देवापुढे ठेवायचे आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर "झाला पास" एवढंच सांगायचं. कुणी फार हुरळलं, की वडील नुसते चष्म्यावरून बघायचे. त्यामुळे इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखमध्ये आमची मुलगी अमेरिकन फुटबॉल खेळायला लागली आणि टचडाउन झाल्यावर या पोरी मैदानात काय काय करतात ते मी पाहिलं, तेव्हा माझं मत तयारच होतं. दंड हवा, आणि चांगला सणसणीत हवा.

त्या खेळतात तो फ्लॅग फुटबॉल. त्यात एकमेकींना पाडायचं नसतं. कमरेला दोन पट्ट्या लावलेल्या असतात, पट्टी ओढली की पळणारी थांबली. बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. मग पाच यार्डांवरून आणखी एका गुणासाठी एक संधी. जल्लोषाचा नियमही साधा आहे. आपसात हवं तेवढं नाचा, पण समोरच्या संघाला डिवचलंत तर पंच पिवळं फडकं टाकणार आणि तुम्ही दहा यार्ड मागे जाणार. एकाच खेळाडूने एका सामन्यात दोनदा हे केलं, तर ती बाहेर, आणि पुढच्या सामन्यातूनही बाहेर.

हे मला इतकं पाठ आहे कारण मी पंच आहे. इथे प्रत्येक क्लबला आपले पंच द्यावे लागतात. पालकांच्या सभेत प्रशिक्षकाने कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा सगळ्यांना अचानक आपापल्या बुटांच्या लेसमध्ये रस वाटू लागला. मी मात्र नियमांची छापील प्रत घरून वाचून, पेन्सिलीने खुणा करून आणली होती, आणि त्यातली एक विसंगती दाखवायला हात वर केला. दिवसभर मशीनचे पार्ट तपासणाऱ्या माणसाची ही खोड. तो होकार समजून सगळ्यांनी इथल्या रीतीप्रमाणे टेबलांवर बोटं ठोकून माझं अभिनंदन केलं. महिन्याभरात माझ्या अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आणि गळ्यात शिट्टी होती.

पंच झाल्यावर जल्लोष जवळून दिसायला लागला आणि माझं मत थोडं थोडं पातळ होत गेलं. बुधवारच्या सरावात शेवटची दहा मिनिटं या मुली फक्त जल्लोषाची तालीम करायच्या. त्यातला एक मला फार आवडायचा. टचडाउन झालं की पाचही जणी एका ओळीत उभ्या राहायच्या, मनगटावरचं नसलेलं घड्याळ बघायच्या, मान लांब करून डावीकडे बघायच्या, पुन्हा घड्याळ. उशिरा येणाऱ्या रेल्वेची वाट बघणारी माणसं! मैदानाबाहेर कॉफी आणि केक विकणारे आईबाप, समोरच्या संघाचेसुद्धा, खो खो हसायचे. इतकी नेमकी थट्टा, आणि तीही कुणाला न दुखावता, या वयात आम्हाला सुचली नसती. सुचली असती तरी चष्म्यावरून बघणारं कुणीतरी होतंच.

आता त्या रविवारचं सांगतो. न्युर्नबर्गजवळ स्पर्धा होती आणि आमच्या मुली उपांत्य फेरीत पोचल्या होत्या. आपल्या क्लबच्या सामन्यात आपण पंच व्हायचं नसतं, पण एका पंचाची पोटरी आखडली आणि दुसरं कुणी मोकळं नव्हतं. दोन्ही प्रशिक्षकांनी हरकत नाही म्हटलं. मुख्य पंच एक उंच, निवृत्त बसड्रायव्हर बाई होत्या. त्यांनी मला शेवटच्या रेषेवर उभं केलं आणि म्हणाल्या, "हं, तर तू फक्त रेषा बघ. बॉल आत की बाहेर."

पहिल्याच अर्ध्यात माझ्या मुलीने टचडाउन केलं आणि समोरच्या बाकाकडे तोंड करून, बोटं हलवून त्यांना टाटा केला. हे डिवचणंच होतं. मी क्षणभरही थांबलो नाही, खिशातलं फडकं काढलं आणि टाकलं. दहा यार्ड. तिचा चेहरा पडला. पण बाहेर टाळ्या झाल्या, समोरच्या संघाच्या एका वडिलांनी तर मला अंगठा दाखवला. मध्यंतरात बायको पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, पोटच्या पोरीला पण सोडलं नाहीस." ती चिडून म्हणत होती, मी ते कौतुक म्हणून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

शेवटचा डाव आला तेव्हा आमच्या मुली सहा गुणांनी मागे होत्या आणि वेळ संपत आली होती. बॉल माझ्या मुलीच्या हातात आला. ती कडेने सुटली. समोरच्या संघातली लाल केसांची एक मुलगी तिची पट्टी ओढायला सूर मारून आली, हुकली आणि रेषेवरच आडवी पडली. माझी मुलगी तिच्यावरून उडी मारून आत गेली, पण उडी अपुरी पडली आणि तिचा पाय त्या मुलीच्या दंडावर पडला. टचडाउन झालं होतं. बरोबरी झाली होती. तिच्या मैत्रिणी किंचाळत घड्याळ बघायला ओळीत उभ्या राहत होत्या.

आणि माझी मुलगी मागे फिरली. बॉल खाली ठेवला, वाकली, त्या पडलेल्या मुलीच्या दंडाला बोटं लावली आणि तीच बोटं स्वतःच्या छातीला लावली.

मी चार पावलांवर होतो. माझ्या अंगावर काटा आला. ही मुलगी इथेच जन्मली. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देते. गणपतीची आरती तिला अर्धीच येते आणि ती अर्धीही ओठ हलवून भागवते. पण पाय लागला म्हटल्यावर हात आपोआप खाली गेला होता, तोही कुठे, तर आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टचडाउननंतर, जिथे कुणीही आधी नाचलं असतं. हे आम्ही तिला बसवून कधीच शिकवलं नव्हतं. आमच्याकडे बघून बघून कधीतरी उचललं असेल. मला ती त्या क्षणी फार आवडली.

मुख्य पंच बाई तिच्या पाठीमागून धावत येत होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक मुलगी गुण मिळवल्यावर पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे परत गेली, तिला बोटं लावली आणि मग स्वतःची छाती ठोकली. पिवळं फडकं पडलं. दुसरं. म्हणजे पुढच्या गुणाची संधी पाचऐवजी पंधरा यार्डांवरून, आणि माझी मुलगी बाहेर. जिंकलो तरी फायनलला ती बाकावरसुद्धा नसणार.

बाईंनी तिला विचारलं, हे काय होतं? ती गोंधळली. पाय लागल्यावर आपण असं का करतो, हे तिला कुठे माहीत होतं! तिने माझ्याकडे बघितलं. मग बाईंनीही माझ्याकडे बघितलं. "तू जवळ होतास. तू काय पाहिलंस?"

एक वाक्य पुरलं असतं. आमच्याकडे पाय लागला की अशी माफी मागतात, एवढंच. पण मला तो अंगठा दाखवणारा बाप दिसला, मध्यंतरातल्या टाळ्या आठवल्या. मुलीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं.

"मी रेषा बघत होतो," मी म्हणालो. "टचडाउन बरोबर आहे."

तेवढ्यात ती लाल केसांची मुलगी उठून बसली. दंड चोळत ती बाईंना म्हणाली, "तिने मला चिडवलं नाही. तिचा पाय पडला माझ्यावर. ती सॉरी म्हणायला आली होती."

"नक्की?"

"गेनाऊ, अगदी नक्की," ती म्हणाली. "मला कळलं की."

तिच्या प्रशिक्षकाने कपाळाला हात लावला. बाईंनी दोन सेकंद तिच्याकडे बघितलं, वाकून स्वतःचं फडकं उचललं आणि खिशात घातलं. टाकलेलं फडकं भर मैदानात परत उचलायलाही छाती लागते, आणि बाईंचंही मला कौतुक वाटलं. मग आमच्या मुलींनी पाच यार्डांवरून तो एक गुण घेतला आणि एका गुणाने सामना जिंकला. ती लाल केसांची मुलगी रडली. डोळे पुसून हात मिळवायच्या रांगेत मात्र सगळ्यांत आधी उभी राहिली. माझ्या मुलीने तिला घट्ट मिठी मारली. त्या दिवशी मी पाहिलेला सगळ्यात सुंदर जल्लोष तो होता, आणि त्यात नाच वगैरे काही नव्हतं.

फायनल आम्ही हरलो. दमून, चिखलाने माखून सगळ्या गाड्यांमध्ये बसल्या. बायको पुढे झोपली होती. मुलगी मागे बसली होती. मला वाटलं, तीही झोपली असेल.

"बाबा," ती जर्मनमध्ये म्हणाली, "तुम्ही पाहिलं होतं ना?"

आरशात ती माझ्याकडेच बघत होती. मी हो म्हणालो.

"आणि ते काय होतं, तेही तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग का नाही सांगितलं?"

उत्तर मी दुपारपासून तयार ठेवलं होतं. पंचाने निःपक्षपाती असावं लागतं, स्वतःच्या मुलीसाठी बोललो असतो तर लोक काय म्हणाले असते, वगैरे. मी त्यातलं पहिलंच वाक्य सांगितलं. "अगं, मी पंच होतो. मला तुझ्या बाजूने कसं बोलता येईल?"

ती मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "जिने सांगितलं, ती तर दुसऱ्या टीमची होती, बाबा."