लालबागच्या पुंजक्यातला ठिपका

“आज जमला वाटता,” रेकॉर्डिंगच्या खोलीतून बाहेर येताना काका स्वतःशीच पुटपुटले.

मुंबईच्या कुठल्या भागातली माणसं कसं इंग्रजी बोलतात, हे आम्ही परळच्या केंद्रात संगणकावर तपासतो. सारखं बोलणाऱ्यांचे ठिपके पडद्यावर जवळजवळ पडतात. खरं तर एक इंग्रजी उतारा एकदाच वाचून जायचं असतं. हे काका मात्र लालबागहून दर शनिवारी येतात, चपला दाराबाहेर काढतात, थर्मासमधल्या मिठाच्या पाण्याने गुळण्या करतात आणि तोच उतारा पुन्हा वाचतात. ते एका ऑफिसात शिपाई आहेत. इंग्लिश सुधारलं तर रिसेप्शनला बसवू, असं साहेब त्यांना म्हणालेत. आमच्याकडे पास-नापास नसतं, हे सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

आज त्यांच्या वाचनात मला माझेच हेल ऐकू आले. गेल्या शनिवारी मी सूचना देत असताना त्यांनी माझा आवाज फोनमध्ये घेतला होता आणि आठवडाभर त्यावर सराव केला होता. तरी त्यांचा ठिपका लालबागच्या पुंजक्यातच पडला. माझा पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कॉन्व्हेंटच्या मुलींमध्ये आहे.

“किती सरकलो, मॅडम?”

मी पडदा बंद केला.

“काका, पुढच्या शनिवारी नका येऊ. इथे पास-नापास काही नसतं.”