आवाज न करणारा कॅमेरा आणि मामाचे हात

नवा कॅमेरा घेतला की लोक लडाखला जातात, निदान भरतपूरला तरी. मी पेणला गेले आणि तिथून रोह्याला. आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर हे कळल्यावर एकाने नुसता हसरा चेहरा टाकला. त्याआधी ग्रुपवर माझ्या कॅमेऱ्याचं भरपूर स्वागत झालं होतं. एकाने अभिनंदन केलं, दुसऱ्याने हेच मॉडेल का म्हणून विचारलं, आणि तिसऱ्याने लेन्सवरून जो वाद उकरला तो आठवडाभर चालला. नवऱ्याने कॅमेरा हातात धरून ‘हलकाय की’ म्हटलं आणि बिल बघून ‘जड आहे’ म्हटलं.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फुल-फ्रेम मिररलेस म्हणजे आतला सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा, आणि जुन्या कॅमेऱ्यांत असायचा तो आरसा काढून टाकलेला. सेन्सर मोठा म्हणून कमी उजेडातही फोटो चांगला येतो. आरसा नाही म्हणून कॅमेरा आटोपशीर होतो.

जायचं ठरलं ते मात्र मामीच्या फोनमुळे. माझा मामा रोह्याला, म्हणजे नदीपलीकडच्या अष्टमीत राहतो. बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. तालुक्यातली निम्मी लग्नं त्याने काढली असतील. चार वर्षांपूर्वी त्याचे हात कापायला लागले. औषधं चालू आहेत, पण स्टुडिओ बंद झाला, कॅमेरे कपाटात गेले, आणि हळूहळू तो लोकांसमोर चहा प्यायचाही बंद झाला. मामी फोनवर म्हणाली, “तुझा तो नवीन कॅमेरा आण गो. एकदा ह्यांच्या हातात दे. माणूस खिडकीत बसून राहिलाय नुसता.” या कॅमेऱ्यात हात हलला तरी आतला सेन्सर तेवढाच उलटा सरकून फोटो सांभाळून घेतो, हे मी दिवाळीत तिला कौतुकाने सांगितलं होतं. तिने ते नेमकं लक्षात ठेवलं.

थेट रोह्याला न जाता वाटेत पेण घेतलं, कारण जानेवारीत पेणचे गणपतीचे कारखाने निवांत बघायला मिळतात. पनवेलहून एसटी पकडली. गोवा हायवेबद्दल मी काही लिहिणार नाही, तो विषय सगळ्यांचा लिहून झालाय. खिडकीची जागा धरा आणि कॅमेऱ्याची बॅग मांडीवर ठेवा, एवढंच सांगेन. पेण स्टँडवर उतरून चहा आणि गरम वडा खाल्ला. चहात आलं सढळ होतं, त्यामुळे दिवस चांगला जाणार याची खात्री पटली.

ज्या कारखान्यात गेले तिथे परदेशी जाणाऱ्या मूर्ती रंगत होत्या. त्या जहाजाने जातात, म्हणून इथे थंडीतच भाद्रपद सुरू होतो. परवानगी आधी विचारा, कोणी नाही म्हणत नाही. फक्त ओल्या रंगाच्या जवळ पदर, ओढणी आणि बॅगेचा पट्टा सांभाळा. आत मालकांच्या सूनबाई आखणीला बसल्या होत्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीचं रंगकाम चारजण मिळून करतात, पण डोळे एकाच हाताचे असतात. मी दोन फोटो काढले आणि त्या ब्रश उचलून वळल्या.

“ताई, खटखट नको. हात थांबतो.”

मी ओशाळले आणि मेनूत जाऊन सायलेंट शटर लावलं. आता कॅमेरा अगदी मुका झाला. बटण दाबलं तरी आवाज नाही, आत काही हलत नाही. खरं तर या कॅमेऱ्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते त्याच्या डोळे शोधण्याचं. समोर माणूस आला की स्क्रीनवरची छोटी चौकट आपोआप त्याच्या डोळ्यावर जाऊन बसते आणि तिथेच फोकस होतो. कोऱ्या चेहऱ्याच्या मूर्तीवर ती चौकट नुसती भटकत होती. सोंडेवर जाई, मुकुटावर जाई. बाईंनी एक डोळा पुरा केला, तरी ती भटकतच होती. दुसऱ्या डोळ्याचं बुबुळ टेकलं आणि चौकट टपकन तिथे जाऊन थांबली. मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं.

“म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याला पण कळतं, बाप्पा बघतोय ते,” त्या म्हणाल्या. पुढच्याच मिनिटाला चौकट उंदराच्या डोळ्यावर गेली आणि काही केल्या हलेना, तेव्हा आम्ही दोघी हसलो.

बाजारातून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घेतली. पेणचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते, आणि रोह्याकडच्या गाड्या मोजक्या आहेत, म्हणून वेळ बघून निघा. गाडीत जागा मिळाली. दोन्ही बाजूंना वालाची शेतं आणि मध्येच खाडीचं चकाकतं पाणी होतं. नागोठण्याला अंबा नदी आली आणि मग कंपनीच्या चिमण्या दिसू लागल्या. समोरच्या बाकावर शिफ्टला निघालेले दोघेजण होते. त्यातल्या एकाने कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, “चॅनलवाल्या काय?” नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. खिडकीतून मी बरेच फोटो काढले. घरी येऊन बघितलं तर त्यात विजेचे सगळे खांब तिरके. सायलेंट शटर ओळीओळीने चित्र टिपतं, त्यामुळे धावत्या गाडीतून हे असं होतं. तुम्ही गाडीतून काढणार असाल तर ते बंद करा.

अष्टमीला पोचले तेव्हा मामा ओटीवर होता. मला बघून उठला, खूश झाला, आणि लगेच दोन्ही हात शालीखाली घेतले. मी कॅमेरा बाहेर काढला तसे त्याचे डोळे त्यावर खिळले, पण हात शालीतच राहिले.

“आरसा नाय ह्यात?”

“नाही.”

“मग बघायचं कशातून?”

“आत छोटा स्क्रीन आहे. डोळा लावून बघ ना.”

“नको गो. माझ्या हातात नको देऊस. पडला तर तुझा नवरा रोह्याला येऊन बसेल.” तो हसला, मीही हसले. मामी मात्र कपबशा उचलून आत गेली. मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांब आणलेली वस्तू मी पुन्हा बॅगेत घातली.

संध्याकाळी परसात पोपटी लावली. या दिवसांत रायगडात कोणाकडे गेलात आणि पोपटीचं विचारलंत तर ते खूशच होतील, तेव्हा लाजू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. आम्ही पाट टाकून बसलो. उजेड होता तो जाळाचाच. मी गप्पांच्या ओघात शेंगा सोलणाऱ्या मामीचे हात टिपले आणि सहज स्क्रीन मामापुढे धरला. त्यात तिच्या बांगड्यांवरचं नक्षीकामही दिसत होतं.

मामा पुढे वाकला. “फ्लॅश मारलास?”

“नाही मारला.”

“खोटं बोलतेस.” मग बराच वेळ तो बघत राहिला. “आमच्या वेळी एवढ्याशा उजेडात नुसता काळा कागद निघायचा.”

मग तो बोलायला लागला आणि मामी त्याला दुरुस्त करत गेली. लग्नात मामा फोटो काढायचा आणि मामी बाजूला उभी राहून फ्लॅशचा दांडा धरायची. वीस-बावीस वर्षं तिने ते केलं. त्यामुळे तालुक्यातल्या झाडून सगळ्या बायकांचे फोटो मामाने काढले, आणि बायकोचा एकही धड नाही. रिळात शेवटी एखादी फ्रेम उरली की तो तिला उभी करायचा, पण खटका वाजला की हिचे डोळे मिटायचे. इतकी वर्षं फ्लॅशशेजारी उभं राहून तिच्या डोळ्यांनी ती सवयच लावून घेतली होती. खटका म्हणजे भपकन उजेड, म्हणून आधीच मिटून घ्यायचं. मोबाईलवाल्यांनी ‘रेडी’ म्हटलं तरी ती मिटते. आधार कार्डाच्या वेळी तिने किती फेऱ्या घातल्या, तो किस्सा मामाने साभिनय सांगितला. तेव्हा त्याचे हात शालीबाहेर आले होते. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच पुलावर गेले. कुंडलिकेच्या पात्रात बगळे उतरले होते. उडताना टिपायचे म्हणून कॅमेरा सलग फोटो काढण्यावर ठेवला. बटण दाबून धरलं की तो सेकंदाला दहा-पंधरा टिपतो. बगळे बरे मिळाले. रोह्याच्या बाजारात जाऊन मामीने सांगितलेली कोथिंबीर आणि सुकट घेऊन परत आले. या ट्रिपला खर्च म्हणाल तर प्रवासाचा किरकोळ, बाकी सगळा पोटाचा.

घरी आले तर मामी ओटीवर खुर्ची टाकून बसलेली. नेसून ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. मामा दारात उभा.

“सकाळपासून ऐकत नाय ही,” तो मला म्हणाला. “आण तो.”

मी पट्टा त्याच्या गळ्यात घातला, म्हणजे पडायची भीती नको. त्याने कॅमेरा उचलला. हात कापत होते, चांगलेच. डोळा लावला. आतलं चित्र मात्र स्थिर दिसत होतं, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. ते खाली आले.

“हनुवटी थोडी खाली. डावीकडं. नाय, तुझी डावी,” मामाचा स्टुडिओतला आवाज बाहेर पडला. त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे त्याला तसं वाटलं. जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की खट्ट आवाज व्हायचा आणि आरसा वर जाऊन निमिषभर काळोख दिसायचा. जन्मभर मामाच्या लेखी फोटो निघाला म्हणजे तो आवाज आणि तो काळोख. इथे आवाज नाही, काळोख नाही, मामी समोर दिसतेच आहे. कारखान्यात बंद केलेला आवाज मी परत लावलाच नव्हता, आणि बगळ्यांसाठी ठेवलेलं सलग टिपणंही तसंच होतं, हे मला आत्ता आठवलं.

“अडकलाय हा,” मामा म्हणाला आणि बोट आणखी जोरात दाबून धरलं. “हलू नको.”

“मी कुठं हलत्येय?”

“डोळे मिटशील.”

“वाजला तर मिटेन ना. वाजलाच नाय.”

मी सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. कॅमेरा धडाधड टिपत होता आणि त्या दोघांना पत्ता नव्हता. मामी वाट बघून कंटाळली, मग वैतागली. “अहो, येत नसंल तर राहू द्या,” म्हणाली. मग पदर सारखा केला आणि त्याच्या कापणाऱ्या हातांकडे बघितलं. मग सरळ त्याच्याकडे बघत राहिली.

मामाने डोळा काढला. “नाय निघत गो,” तो मला म्हणाला. आवाज पार खाली गेला होता.

मी स्क्रीन उघडून दिला. दोनशेच्या वर फोटो होते. बरेचसे तिरके, काहींत मामीचं डोकं कापलेलं, पण हललेले जवळजवळ नाहीतच. आणि एकूण एक फोटोत मामीचे डोळे उघडे. मामा एकेक फोटो पुढे सारत गेला. शेवटून चौथ्या फोटोवर थांबला. त्यात ती त्याच्याकडे बघतेय.

मामी खुर्चीतून उठून आली. “मी अशी बघते तुमच्याकडं?”

“मला काय ठाऊक?” मामा म्हणाला. “तू लाइट धरायचीस. तुझ्याकडं बघितलं की डोळ्यापुढं नुसता उजेड.”

मी सुकट ठेवायचं निमित्त करून आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहून चांगली रडले, सांगायला लाज नाही.

डोंबिवलीला परतून आता तीन आठवडे झाले. ग्रुपवर बगळे टाकले, त्यावर फोकसबद्दल दोन सूचना आल्या. कॅमेऱ्याबद्दल विचाराल तर बॅटरी लवकर संपते, जास्तीची जवळ ठेवा. मेनू एवढा मोठा की त्यात हरवायला होतं. पण घेतला याचं समाधान आहे. ट्रिपमधला सगळ्यात चांगला फोटो मी काढलेला नाही. याआधी असं कधी झालं असतं तर मला टोचलं असतं. यावेळी उलट मी तो सगळ्यांना दाखवत सुटलेय. शेवटून चौथा मोठा करून घेतला, साध्या लाकडी चौकटीत बसवला आणि रोह्याला जाणाऱ्या भावाबरोबर पाठवला.

काल मामीचा फोन आला.

“पोचला गो फोटो. लावला भिंतीवर.”

“कोणी लावला? शेजारच्यांना बोलावलंस का?”

“शेजारी कशाला? ह्यांनीच हातोडी घेतली.”

मी दचकले. “आणि खिळा?”

“मी धरला.”

मग विचारलं, “मामी, बोटं ठीक आहेत ना?”

“एकावर बसली,” ती म्हणाली. “पण खिळा सरळ गेलाय.”