एचआरवाली खाली उतरली

माझ्या भाचीला लहानपणापासून दुसऱ्यांच्या भानगडीत पडायची हौस. शाळेत दोघींचं बिनसलं की ही मध्ये. त्यामुळे ती एचआरमध्ये लागली तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. "म्हणजे नक्की काय करायचं असतं गं?" तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं विचारलं. "माणसांची काळजी घ्यायची," ती म्हणाली.

कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवणारी. खाली यंत्रं, पॅकिंगची टेबलं, गोंदाचा वास. वर काचेच्या केबिन. भाची वर बसायची, अजून कायम झाली नव्हती. काम काय, तर रजा टिपायच्या आणि साहेबांच्या मागे फायली घेऊन फिरायचं. ज्यांची काळजी घ्यायची त्यांची तोंडंही ओळखीची नाहीत, हे तिला बोचायला लागलं. एका सकाळी ती उठली आणि थेट खाली गेली. पॅकिंगला सगळ्यांत जुने काका उभे होते. कामगारांच्या अडचणी त्यांच्याकडून समजून घ्याव्यात, एवढाच तिचा हेतू. "काका, जरा वर येता? थोडं बोलायचंय."

आता या बाईसाहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं, की त्या कंपनीत एचआरचं माणूस खाली उतरतं ते फक्त कुणाला तरी घरी पाठवायला. बाकी सगळे निरोप फोनवर.

काकांनी हात पुसले. एप्रन काढून त्याची घडी केली. मग शेजारच्या सुपरवायझरला सगळ्यांदेखत, इतकी वर्षं गिळलेलं सगळं सुनावलं. त्याची साहेबांपुढची लाचारी, त्यानं वशिल्यानं घुसवलेली माणसं, काही शिल्लक ठेवलं नाही. भाचीला वाटलं, दोघांचं जुनं भांडण असेल.

वर तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "नवीन लोकांना काम शिकताना काय त्रास होतो, काका?"

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे मला काढलेलं नाही?"

"नाही हो. कुणी सांगितलं?"

ते उठून एप्रन पुन्हा बांधायला लागले. गाठ काही बसेना. "मी खाली जातो," म्हणाले, "माफी मागतो त्याची." पण सुपरवायझर तोवर साहेबांच्या केबिनमध्ये पोचला होता.

चौकशीत भाचीनं जीव तोडून सांगितलं, की काकांचा गैरसमज झाला, चूक माझी आहे, मी त्यांना सहज बोलावलं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सहज बोलावलं होतंस ना? मग एवढं भडकायला त्याला कारण काय होतं?" तिच्या खरेपणानंच काकांचा घात झाला. त्या संध्याकाळी ते घरी गेले ते कायमचे.

मी तिला म्हटलं, फेक ती नोकरी त्यांच्या तोंडावर. मला तिचा राग आला होता, आणि कीवही. तिनं नाही सोडली. पुढं तिला कायम केलं. आता कुणाला वर आणायचं असलं की साहेब तिलाच पाठवतात. म्हणतात, तुझ्या मागून लोक मुकाट्यानं येतात.

"आणि तू जातेस?" मी विचारलं.

"जाते. टेबलापाशी गेले की आधी हळूच सांगते, कुणाला काही बोलू नका. साहेबांना वाटतं, मी काम छान शिकले."

"पण या लोकांना तर खरंच काढायचं असतं, मग गप्प राहून त्यांना काय मिळणार, असं मात्र विचारू नकोस, मावशे," तीच पुढं म्हणाली. "काहीच मिळत नाही, मला माहीत आहे. सहज म्हणून मी आता कुणाकडेच जात नाही."