लक्ष्मीकांतरावांचे मुडदे

लक्ष्मीकांतराव वर्षभर ग्वाल्हेर दरबारच्या एका खात्यात कारकुनी करत आणि गणेशोत्सवात मुडदे उठवत.

माधवगंजच्या गणपतीपुढे गोष्ट सांगायला त्यांची एक संध्याकाळ ठरलेली असे. गोष्टही ठरलेली. गावातले मुडदे उठून चालू लागलेत, जिवंत माणूस दिसला की खातायत, आणि उरलेले चौघं किल्ल्यात दार लावून बसलेत. गोष्ट भयंकर, पण होती ग्वाल्हेरची, त्यामुळे मुडदेही मानापानानं चालत. एका वर्षी भालदाराचा मुडदा पुढं निघाला, तर मानकरी घराण्यातले शिवाजीराव भर सभेत उभे राहिले. "आमचे पणजोबा भालदाराच्या मागे? बिलकुल चालणार नाही!" लक्ष्मीकांतरावांनी पणजोबांना तिथल्या तिथं पुढं घेतलं, तेव्हा कुठे शिवाजीराव बसले आणि मुडद्यांना वाट मिळाली.

मग दारावर थाप पडे. बाहेर माणूस की मुडदा? आतले चौघं भांडत. धान्य थोडं आहे, पाणी त्याहून थोडं. लक्ष्मीकांतराव मंचावर उभ्या केलेल्या दाराच्या कडीवर हात ठेवून कान देत. पडद्यामागून आवाज येई, घर्र, सूंऽ, घर्र. हा दिनकररावांचा अस्सल दमा. दिनकरराव त्यांचे खात्यातले सोबती, टेबलाला टेबल लावून बसणारे. मुडद्याला धाप लागत नाही, ही गोष्टीतली खूण. आम्ही पोरं किंचाळत असू, "खोला न काका, जिंदा आहे तो!" दार उघडे, दिनकरराव खोकत आत येत आणि गणपतीलाही हेवा वाटावा इतक्या टाळ्या घेत.

"मुडदे बिचारे भुकेले," लक्ष्मीकांतराव म्हणत, "पारख होते ती आतल्यांची."

संस्थान विलीन झालं तेव्हा दोघंही टिकले. मध्यभारत राज्यात फक्त दारावरची पाटी बदलली, टेबलं तीच राहिली. छप्पन साली मात्र नव्या राज्याची राजधानी भोपाळला ठरली आणि दोघांपैकी एकालाच तिकडे जागा निघाली. दुसऱ्यानं घरी बसायचं. दिनकरराव वयानं मोठे, कामात चोख, घरी दोन मुली, थोरली लग्नाची. जागा त्यांचीच, असं सगळेच धरून चालले होते.

साहेबांनी लक्ष्मीकांतरावांना बोलावून सहज विचारलं, "दिनकररावांची तब्येत कशी असते? तिकडे धावपळ फार."

"ठीक आहे म्हटलं असतं तर संपलं असतं," लक्ष्मीकांतराव पुढे म्हातारपणी मला म्हणाले. "मी म्हटलं, साहेब, दमा आहे. खोटं कुठे बोललो?"

हुकूम गणपतीच्या आधीच आला. भोपाळला लक्ष्मीकांतराव.

त्या वर्षीही मुडदे उठले, थाप पडली, पडद्यामागे घरघर सुरू झाली. लक्ष्मीकांतरावांचा हात कडीवर, आणि कडी काही निघेना. आम्ही पोरं ओरडून दमलो. शेवटी पडद्यामागून आवाज आला, "अरे खोल ना यार, इथे खरंच जीव चाललाय!"

मंडप हसून कोसळला. दार उघडलं. टाळ्यांच्या गदारोळात लक्ष्मीकांतराव पुटपुटले, "दिनकरराव, दम्याचं साहेबांना मी सांगितलं."

"माहीत आहे. साहेबच बोलले मला."

"मग आज आलात कशाला?"

"पोरं बसली होती ना वाट बघत," दिनकरराव म्हणाले आणि घाम पुसत लोकांना नमस्कार करू लागले.

लक्ष्मीकांतरावांनी पुन्हा कधी गोष्ट सांगितली नाही. भोपाळहून सुट्टीवर आले की मात्र आधी दिनकररावांकडे जात. थोरलीचं लग्न लांबलं, धाकटीची शाळा सुटली, हे सगळं त्यांना त्या घरात बसून दिसे. दिनकरराव भोपाळच्या तलावाची चौकशी करत, बढतीबद्दल पाठ थोपटत.

"एक शिवी तरी द्यायची त्यानं," लक्ष्मीकांतराव मला म्हणाले. "शिवी दिली असती तर पाय धरले असते मी. तो आपला दर वेळी घरच्यांना चहा करायला लावायचा. आणि साखर बरोबर मला लागते तेवढी."