शाफ्ट बसेना तेव्हा

नागपूरच्या महाल भागात आमचं गॅरेज होतं, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. काम त्यानंच मला शिकवलं, मारून मारून. चुकीचा पाना हातात दिला की तोच पाना पाठीत. माझं लग्न झालं तरी त्याचा हात थांबला नाही. गिऱ्हाइकासमोरही मारायचा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या तेव्हा नागपुरात नुकत्याच दिसू लागल्या होत्या. तशी एका वकिलाची गाडी क्लचप्लेट बदलायला आली. हिच्यात गिअरबॉक्स पुढेच, इंजिनाला चिकटून, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक एक्सल, म्हणजे लोखंडी दांडा, थेट चाकात गेलेला. उतरवलं सहज. चढवताना अडलं.

मे महिन्याची दुपार होती. दादा गाडीखाली उताणा, गिअरबॉक्स जॅकवर पेललेला. मी वरून वाकून दिशा सांगत होतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत शिरतच नव्हते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात बोटभर फट राहत होती.

"प्लेट मधोमध नाही बसली, दादा. खाली घे. मी पुन्हा लावतो."

"तूच लावली ना बे? आता मले शिकवून राहिला?"

"लाकडाचा खुंटा करून नीट लावू म्हटलं होतं मी. तूच नाही म्हणाला."

त्यानं पाना घेतला आणि बोल्ट आवळून फट मिटवायला लागला.

"ओढू नको, दादा. तुटंल."

तो आवळतच राहिला. कटकन आवाज झाला. गिअरबॉक्सच्या खोक्याचा, ज्यातून बोल्ट जातो तो कान तुटून फरशीवर पडला.

दादा गाडीखालून बाहेर आला. माझी मान धरली आणि डोकं मडगार्डवर आपटलं. कपाळ फुटलं. पुन्हा आपटलं.

"काहून नाही सांगितलं बे? काहून नाही सांगितलं?"

मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. टेबलावर एक्सल पडलेला होता, तो हाताला लागला. मी दोन्ही हातांनी उचलून फिरवला. दादाच्या उजव्या हाताचं हाड मोडलं, ते मला माझ्या तळव्यांत कळलं.

तो खाली बसला. मी एक्सल पुन्हा उचलला, या वेळी त्याच्या डोक्यावर. त्यानं हात आडवा घातला नाही, नुसता वर पाहत राहिला. मला त्याला जिवे मारायचंच होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझ्या हातांना ग्रीस लागलं होतं, एक्सल सटकला आणि त्याच्या पायाशी पडला. एवढंच झालं. चांगुलपणा आठवला वगैरे काही नाही.

रिक्षातून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं त्याला. वाटभर माझ्या कपाळाचं रक्त त्याच्या शर्टावर ठिबकत होतं. 

"काय झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"गिअरबॉक्स पडला अंगावर," दादा म्हणाला.

"आणि याच्या कपाळाला?"

"मले वाचवाले गेला तो."

खोक्याचा कान वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणला. सुताराकडून शाफ्टच्या मापाचा खुंटा करून घेतला, तो मधे घालून प्लेट बसवली, बोल्ट आवळले, मग खुंटा काढला. शेजारच्या मेकॅनिकनं जॅक धरला. तळव्यानं ढकललं तसा शाफ्ट आत गेला. फट उरली नाही. मग दोन्ही एक्सल लावले, दोन्हींचा टक असा आवाज आला. दादा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून स्टुलावर बसला होता.

"बसला?"

"बसला."

हात वाकडाच जुळला. जोराचं काम त्याला पुढे जमलं नाही. त्यानं मला पुन्हा कधी मारलंही नाही. मारता येत नव्हतं की मारायचं नव्हतं, मी विचारलं नाही.

पाच-सहा वर्षांनी, दादा बाहेर गेलेला असताना, वहिनी जेवायला वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, गिअरबॉक्स नव्हता पडला. माहीत आहे मले."

माझा घास हातातच राहिला. आता शिव्या बसणार असं वाटलं.

"त्याच हातानं मलेही मारत होते," ती म्हणाली, आणि भाजीचं पातेलं घेऊन आत गेली.